काठिण्य कशाचे? विधी प्रवेश परीक्षा, सराव परीक्षा आणि त्यांचे मोजमाप



विधी शिक्षणाची एखादी मोठी प्रवेश परीक्षा पार पडली की काही तासांतच तिच्या प्रश्नपत्रिकेवर शेरे येऊ लागतात. शिकवणी वर्गांचे विश्लेषक इंग्रजीचा विभाग सोपा, तर्काचा मध्यम, चालू घडामोडींचा कठीण असे वर्गीकरण मांडतात, किती प्रश्न सोडवले असता ‘चांगला अटेम्प्ट’ म्हणावा याचा आकडा देतात आणि निकालाच्या कितीतरी आधी अपेक्षित कट-ऑफही सांगतात. या शेऱ्यांवर विसंबून सतरा-अठरा वर्षांची मुले-मुली एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यावी की मिळेल तेथे प्रवेश घ्यावा, हे ठरवतात. ज्या शेऱ्यावर इतका मोठा निर्णय उभा राहतो, तो शेरा कशाच्या आधारावर दिलेला असतो? प्रश्नपत्रिकेचे काठिण्य ही वाचून कळणारी गोष्ट आहे की मोजून कळणारी? आणि मोजायचे म्हटले, तर नेमके काय मोजायचे?

प्रस्तुत व्याख्यानाचा विषय एवढाच आहे. परंतु तो केवळ परीक्षार्थींचा नाही. न्यायालयांत कोण उभे राहणार, उद्याचे न्यायाधीश कोणत्या घरांतून येणार, याची पहिली चाळणी या परीक्षांमधून होते, आणि म्हणूनच चाळणीची छिद्रे कशी पाडली आहेत हे पाहण्याचा अधिकार संपूर्ण समाजाला आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. बंगळूरू येथील राष्ट्रीय विधी विद्यालयाची पहिली तुकडी 1988 मध्ये सुरू झाली, माधव मेनन यांच्या नेतृत्वाखाली पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाने विधी शिक्षणाला नवी प्रतिष्ठा मिळवून दिली आणि पुढील वीस वर्षांत त्याच धर्तीची विद्यापीठे अनेक राज्यांत उभी राहिली. प्रत्येक विद्यापीठाची परीक्षा वेगळी, शुल्क वेगळे आणि तारखा कधी कधी एकमेकींवर येणाऱ्या. या गोंधळाविरुद्ध 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि 2008 पासून सामायिक विधी प्रवेश परीक्षा, म्हणजेच क्लॅट, सुरू झाली. पहिल्या वर्षी तिच्यात सात विद्यापीठे होती. आज मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांची पदवी प्रवेशाची वाट क्लॅटमधूनच जाते. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय किंवा पुण्याचे आयएलएस यांसारख्या महाविद्यालयांसाठी मात्र राज्याच्या सीईटी कक्षाची वेगळी परीक्षा असते. या दोन परीक्षांच्या काठिण्याची तुलना घरोघरी होते आणि ती बहुधा एका वाक्यात संपते: क्लॅट कठीण, सीईटी सोपी. हे वाक्य तपासून पाहण्याजोगे आहे.

मापनशास्त्रात एका प्रश्नाचे काठिण्यमूल्य काढण्याची रीत साधी आहे: तो प्रश्न सोडवणाऱ्यांपैकी किती जणांना त्याचे उत्तर बरोबर आले, त्याचे प्रमाण घ्यावयाचे. शंभरांपैकी तीस जणांना उत्तर आले, तर मूल्य 0.30; नव्वद जणांना आले, तर 0.90. (आकडा जितका मोठा तितका प्रश्न सोपा, हे येथे ध्यानात ठेवावे लागते, कारण नाव ऐकून उलटा समज होण्याचा संभव असतो.) या व्याख्येतच एक फार महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. हे मूल्य प्रश्नाचे एकट्याचे नसते. ते प्रश्न आणि तो सोडवणारा समूह या दोघांचे मिळून असते. समूह बदलला की तोच प्रश्न, तेच शब्द, तेच पर्याय, तरीही काठिण्यमूल्य बदलते. मग प्रश्नपत्रिका हातात घेऊन, परीक्षा दिलेल्या समूहाचा एकही आकडा न पाहता, ‘कठीण’ असा शेरा कसा देता येईल? अनुभवी शिक्षकाला अंदाज बांधता येतो, हे खरे. पण शिक्षकाला प्रश्नाचे उत्तर आधीच दिसत असते, आणि उत्तर दिसल्यानंतर तो प्रश्न उत्तर न दिसणाऱ्याला किती अवघड गेला असेल याची कल्पना करणे हे अत्यंत कठीण काम आहे.

काठिण्यमूल्याच्या जोडीला दुसरे माप लागते, ते भेदकतेचे. एकूण परीक्षेत वरच्या गटात आलेल्यांपैकी किती जणांना हा प्रश्न आला आणि खालच्या गटातील किती जणांना आला, यांतील फरक म्हणजे त्या प्रश्नाची भेदकता. वरचे 27 टक्के आणि खालचे 27 टक्के असे गट घेण्याची पद्धत ट्रूमन केली या अमेरिकी अभ्यासकाच्या 1939 मधील लेखनापासून रूढ झाली. वरच्या गटात 70 टक्क्यांना आणि खालच्या गटात 20 टक्क्यांना उत्तर आले असेल, तर प्रश्न आपले काम करतो आहे. दोन्ही गटांत 30-30 टक्के असतील, तर प्रश्न कठीण आहे खरा, पण त्याने कोणालाच निवडलेले नाही. त्याने फक्त नशीब वाटले. आणि खालच्या गटाला उत्तर अधिक आले असेल, तर? तर बहुतेक वेळा प्रश्नाची भाषा संदिग्ध असते किंवा उत्तरतालिकाच चुकलेली असते. म्हणजे तीन प्रश्नांचे काठिण्य कागदावर सारखेच दिसू शकते आणि तरी त्यांपैकी एक उत्तम, एक निरुपयोगी आणि एक अन्यायकारक असू शकतो.

काठिण्य किती, हा म्हणूनच दुय्यम प्रश्न आहे. काठिण्य कशाचे, हा खरा प्रश्न आहे.

विधी प्रवेश परीक्षेतील काठिण्य किमान चार ठिकाणांहून येऊ शकते: विचारातून, माहितीतून, वेळेतून आणि भाषेतून. यांपैकी विचाराचे काठिण्य हे या परीक्षांचे घोषित प्रयोजन आहे, आणि त्याचे स्वरूप एका उदाहरणाने स्पष्ट व्हावे. समजा, उताऱ्यात असा नियम दिलेला आहे की स्वतःच्या जागेत धोकादायक वस्तू साठवणारी व्यक्ती ती वस्तू बाहेर निसटून झालेल्या हानीस, निष्काळजीपणा नसला तरी, जबाबदार असते. मात्र हानी दैवी आपत्तीमुळे घडली असल्यास नसते. घटना अशी की भूकंपाने कारखान्याची टाकी फुटली आणि वायुगळतीने शेजारच्या वस्तीला बाधा झाली. दिलेला नियम लावला, तर कारखानदार जबाबदार ठरत नाही. परंतु ज्या विद्यार्थ्याने तयारीत दिल्लीच्या ओलियम वायुगळतीचे प्रकरण वाचलेले आहे, त्याला ठाऊक असते की 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योगांसाठी संपूर्ण दायित्वाचे तत्त्व मांडले आणि त्याला असे अपवाद ठेवले नाहीत. तो ‘जबाबदार’ असा पर्याय निवडतो आणि गुण गमावतो. ज्याला अधिक माहिती, तो येथे चुकतो. हा प्रश्न कठीण आहे का? आहे, आणि त्याचे काठिण्य न्याय्यही आहे, कारण समोर ठेवलेला नियम स्वतःच्या समजुतीपेक्षा वर ठेवण्याची शिस्त हा वकिली विचाराचा पाया आहे आणि प्रश्न तीच शिस्त तपासतो. पण उताऱ्यात ‘फक्त दिलेल्याच नियमाच्या आधारे’ अशी स्पष्ट सूचना नसेल, तर तेच काठिण्य अन्यायाचे होते. एका सूचनावाक्याच्या असण्या-नसण्याने प्रश्नाचा स्वभाव पालटतो, आणि संध्याकाळच्या विश्लेषणात मात्र दोन्ही प्रश्न ‘कठीण’ या एकाच रकान्यात जातात.

माहितीच्या काठिण्याविषयी फार बोलण्याची आवश्यकता नाही. चालू घडामोडींच्या विभागात उतारा दिलेला असला, तरी अनेक उत्तरे उताऱ्याबाहेरची असतात. ज्याने वर्षभर वर्तमानपत्र वाचले त्याला ती येतात, इतरांना कितीही विचार केला तरी येत नाहीत. ते स्मरणाचे आणि सवयीचे माप आहे, आणि तेवढ्या मर्यादेत ते चालण्याजोगे आहे.

वेळ आणि भाषा यांच्याकडे मात्र थांबून पाहिले पाहिजे, कारण या दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात. क्लॅटची पदवी परीक्षा पूर्वी 200 प्रश्नांची होती, 2020 पासून ती 150 प्रश्नांची आणि उताऱ्यांवर आधारित झाली, आणि डिसेंबर 2023 मध्ये झालेल्या परीक्षेपासून प्रश्नांची संख्या 120 वर आली. वेळ मात्र सर्व काळ 120 मिनिटेच राहिला. म्हणजे एका प्रश्नाला पूर्वी 36 सेकंद होते, मग 48 झाले आणि आता पूर्ण मिनिट मिळते. या हिशेबाने परीक्षा सतत सोपी होत गेली, असे म्हणावे का? मुळीच नाही, कारण मधल्या काळात वाचनाचे ओझे वाढले. गणिताचे सुमारे बारा प्रश्न बाजूला ठेवले, उरलेल्या 108 प्रश्नांसाठी दर पाच प्रश्नांमागे एक उतारा धरला आणि प्रत्येक उतारा साडेचारशे शब्दांचा मानला, तर एकवीस उताऱ्यांचे जवळजवळ साडेनऊ हजार शब्द वाचावे लागतात. मिनिटाला 200 शब्द समजून वाचणाऱ्या विद्यार्थ्याची त्यात 47 मिनिटे जातात आणि विचाराला 73 उरतात. मिनिटाला 140 शब्द वाचणाऱ्याची 67 मिनिटे जातात आणि 53 उरतात. प्रश्न आणि पर्याय वाचण्याचा वेळ यात धरलेलाच नाही.

आता हा दुसरा विद्यार्थी कोण आहे? तो बुद्धीने मंद आहे, असे कोणी म्हणेल काय? तो बहुधा लातूर, गडचिरोली किंवा सिंधुदुर्गातील मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलेला आहे. मराठी उतारा तो पहिल्या विद्यार्थ्याइतक्याच वेगाने वाचतो आणि इंग्रजी उताऱ्यातील युक्तिवादाची गोमही त्याला सापडते, फक्त वीस मिनिटे उशिरा. क्लॅट केवळ इंग्रजीत होते; ती अन्य भारतीय भाषांतही घ्यावी यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात याचिकाही झाली. राज्याची सीईटी मराठीतही देता येते, तिच्यात प्रश्न तुलनेने लहान असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. तेव्हा ‘क्लॅट कठीण, सीईटी सोपी’ या वाक्याचा अर्थ आता निराळा दिसू लागतो. त्या दोन परीक्षांमधील अंतराचा मोठा भाग कायद्याच्या विचाराचा नसून इंग्रजी वाचनाच्या वेगाचा आहे, आणि तो वेग शाळेवर, घरातील पुस्तकांवर आणि पालकांच्या ऐपतीवर अवलंबून असतो. उच्च न्यायालयांत इंग्रजीचा वापर चालतो, म्हणून इंग्रजी हवीच, हा युक्तिवाद योग्य आहे. परंतु पाच वर्षांच्या शिक्षणानंतर जी क्षमता यावयाची, ती शिक्षणाच्या दारातच पूर्ण विकसित असावी, असा आग्रह धरणे म्हणजे शिक्षणाचे काम आधीच श्रीमंतांच्या घरी उरकून घेण्यासारखे आहे. शमनाद बशीर या विधी अभ्यासकाने 2010 मध्ये वंचित घरांतील मुलांना या परीक्षांसाठी तयार करणारा ‘इडिया’ हा उपक्रम सुरू केला आणि 2015 मध्ये क्लॅटच्या कारभाराविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दादही मागितली. मुले तयार करणे आणि परीक्षा दुरुस्त करणे ही दोन्ही कामे एकाच माणसाला करावीशी वाटली, यातच या प्रश्नाचे स्वरूप आले. 2019 मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. काम संपलेले नाही.

काठिण्याचा आणखी एक प्रकार आहे, जो कोणाच्याही योजनेत नसतो: सदोष परीक्षेचे काठिण्य. मे 2018 मधील ऑनलाइन क्लॅटमध्ये अनेक केंद्रांवर संगणक अडले आणि परीक्षार्थींचा वेळ वाया गेला. सर्वोच्च न्यायालयापुढे आलेला प्रश्न असा होता, की गेलेल्या मिनिटांची किंमत गुणांत किती? अखेर प्रत्येकाचा उत्तरे देण्याचा वेग आणि अचूकता पाहून भरपाईचे गुण देण्याचे सूत्र लावले गेले. 1 डिसेंबर 2024 च्या परीक्षेनंतर दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने दोन प्रश्नांच्या उत्तरांत चूक असल्याचे म्हटले, एप्रिल 2025 मध्ये खंडपीठाने आणखी प्रश्नांविषयी निर्देश दिले आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयालाही त्यात लक्ष घालावे लागले. ज्या प्रश्नांवर न्यायमूर्तींचे एकमत होण्यास महिने लागतात, ते प्रश्न एका मिनिटात सोडवण्याची अपेक्षा बारावीच्या विद्यार्थ्याकडून केली गेली होती. निकालाआधी भेदकता तपासली, तर असे अनेक प्रश्न घरातच सापडतात.

हे अन्यत्र कसे केले जाते? अमेरिकेतील एलसॅट ही विधी प्रवेश परीक्षा 1948 पासून घेतली जाते आणि तिचे गुण 120 ते 180 या पट्टीवर दिले जातात. तिच्यात ज्याचे गुण मोजले जात नाहीत असा एक विभाग असतो. तो कोणता, हे परीक्षार्थीला कळत नाही, आणि पुढील परीक्षांचे प्रश्न त्यात आधी आजमावले जातात. त्यामुळे प्रश्नपत्रिका अधिक कठीण निघाली, तर तितक्याच गुणांसाठी कमी बरोबर उत्तरे पुरतात आणि सोपी निघाली, तर अधिक लागतात. वेगवेगळ्या दिवशीच्या परीक्षा एका पट्टीवर आणण्याच्या या क्रियेला समीकरण म्हणतात. शिवाय गुणपत्रकात एका आकड्याबरोबर गुणांचा पट्टाही दिला जातो, कारण कोणतेही मापन अचूक एका बिंदूवर थांबत नाही, हे ती संस्था मान्य करते. पण याच परीक्षेने काठिण्याचा एक कठोर धडाही घेतला. तिच्यातील ‘लॉजिक गेम्स’ म्हणून ओळखले जाणारे विश्लेषक तर्काचे प्रश्न आकृती काढून सोडवणे सोयीचे असे; अंध उमेदवारांना ते मुळातच वेगळ्या प्रकारे कठीण होते. त्यांच्यापैकी काहींनी न्यायालयात दाद मागितली, 2019 मध्ये तडजोड झाली आणि ऑगस्ट 2024 पासून तो विभाग वगळण्यात आला. संस्थेने दोन लाखांहून अधिक निकाल तपासले असता, त्या विभागाच्या जागी युक्तिवादाचा दुसरा विभाग घेतल्याने एकूण गुणांवर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही, असे आढळले. चाळीस वर्षे जे काठिण्य अपरिहार्य मानले गेले, त्याच्यावाचून काही अडत नव्हते.

आता सराव परीक्षांकडे वळावे लागेल, कारण सभागृहातील विद्यार्थ्यांचा रोजचा संबंध त्यांच्याशी आहे. सराव परीक्षेत शिकवणी वर्ग जी क्रमवारी देतो, ती त्या वर्गाच्या शुल्क भरलेल्या, तयारीत असलेल्या मुलांमधील असते. खऱ्या परीक्षेचा समूह निराळा असतो, म्हणून त्या क्रमवारीचा सरळ अनुवाद होत नाही. सराव परीक्षा मुद्दाम अधिक कठीण ठेवली म्हणजे मुले कणखर होतात, अशी एक समजूत आहे. काठिण्य लांबलचक उताऱ्यांतून, आडवाटेच्या माहितीतून किंवा दोन पर्याय समान बरोबर वाटतील अशा ढिसाळ मांडणीतून आणले असेल, तर मुलांना कणखरपणाऐवजी चुकीच्या सवयी लागतात: ती उताऱ्यापेक्षा प्रश्नकर्त्याच्या मनात काय असेल याचा विचार करू लागतात. विश्वासार्ह सराव म्हणजे पूर्वी प्रत्यक्ष झालेल्या प्रश्नपत्रिका आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेने दिलेले नमुने. इतर संच त्यांच्या शेजारी ठेवूनच जोखावेत. सराव परीक्षेतील चुकांपुढे ‘कठीण’ असे न लिहिता वेळ कमी पडला, शब्द अडला, माहिती नव्हती की विचार चुकला, यांपैकी एक कारण लिहिले, तर आठ-दहा परीक्षांनंतर विद्यार्थ्याच्या हाती स्वतःच्या अडचणीचा नकाशा येतो, आणि तो कोणत्याही विश्लेषकाच्या शेऱ्यापेक्षा खरा असतो.

दोन सराव परीक्षांमधील गुणांच्या फरकाविषयीही सावध राहिले पाहिजे. 120 प्रश्नांपैकी साधारण दोनतृतीयांश बरोबर सोडवणाऱ्या विद्यार्थ्याची बरोबर उत्तरे केवळ योगायोगाने चार-पाचने वर-खाली होऊ शकतात. म्हणून एका आठवड्यात तीन गुण घटले म्हणजे तयारी घसरली, असे मानून खचून जाण्याचे कारण नाही. तसेच उणे गुणांच्या भीतीचे. क्लॅटमध्ये चुकीच्या उत्तराला 0.25 गुण जातात. चार पर्यायांतून डोळे मिटून निवड केली, तरी सरासरीने हानी होत नाही, उलट 0.06 इतका किंचित लाभच असतो. एक पर्याय निश्चित बाद करता आला, तर लाभ 0.17 होतो, दोन बाद करता आले तर 0.375. तरीही अनेक मुले, विशेषतः ज्यांनी मोठ्या कष्टाने शुल्क भरलेले असते ती, अर्धवट येणारे प्रश्न कोरे सोडतात. ज्याला चूक परवडत नाही, तो धोका घेत नाही. त्यामुळे प्रश्नपत्रिका त्याला असते त्याहून कठीण भासते.

एका सत्रात सर्वांना एकच प्रश्नपत्रिका असेल, तर ती कठीण निघाली म्हणून जागा कमी होत नाहीत. कट-ऑफ खाली येते, एवढेच. प्रत्येक परीक्षेनंतर रडवेल्या होणाऱ्या हजारो मुलांना हे साधे गणित कोणीतरी शांतपणे सांगितले पाहिजे, आणि ते सांगण्याचे पहिले कर्तव्य परीक्षा घेणाऱ्यांचे आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा संघ आणि राज्याचा सीईटी कक्ष यांच्याकडे प्रत्येक परीक्षार्थीने प्रत्येक प्रश्नाला दिलेले उत्तर नोंदलेले असते. प्रत्येक प्रश्नाचे काठिण्यमूल्य, त्याची भेदकता, किती जणांनी तो कोरा सोडला, आणि हे सारे शाळेच्या माध्यमानुसार वेगळे करून, असा तक्ता दर वर्षी निकालाबरोबर प्रसिद्ध करण्यास नवी यंत्रणा लागत नाही. तो तक्ता समोर आला, की शेवटच्या वीस प्रश्नांपर्यंत मराठी माध्यमाची किती मुले पोहोचली आणि इंग्रजी माध्यमाची किती, हे कोणालाही मोजता येईल. आणि तो फरक मोठा निघाला, तर 120 मिनिटांची 140 मिनिटे करावीत की उतारे लहान करावेत, याचा निर्णय विद्यापीठांना आकडे समोर ठेवून घ्यावा लागेल.